राजाचा कठडा, दादाची दोरी

इंग्लंडहून परत आल्यावर मिरजेत मला भेटेल तो विचारत होता, राजवाड्यापुढचा पहारा बदलताना पाहिलात का? नाही पाहिला. मुकुटातला हिरा? तोही नाही. मग तीन आठवडे तिकडे केलंत काय, हा प्रश्न कोणी तोंडाने विचारला नाही, पण चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. शेजारच्या जोशीकाकूंनी तर "जाऊ दे, पुढच्या वेळी बघाल" अशी समजूतसुद्धा घातली.

मी काय पाहिलं ते सांगते. एका राजाचं डोकं जिथे उडवलं ती जागा पाहिली, एका खेड्यातल्या चर्चमधला लाकडी कठडा पाहिला आणि एका महाराष्ट्र मंडळाची वार्षिक सभा पाहिली. चौतीस वर्षं मुलींना इतिहास शिकवलेल्या बाईला एवढं पुष्कळ झालं.

स्टॅनमोर

माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, बर्मिंगहॅमला असतो. त्याची मुलगी केतकी लंडनच्या कडेला स्टॅनमोरला राहते. पहिले पाच दिवस मी तिच्याकडे होते. केतकी आणि जावई सकाळी सातला स्टेशनवर पळायचे आणि घरात उरायचो मी आणि सतरा वर्षांची ईशा. ईशा केतकीची मुलगी, म्हणजे दादाची नात. मला ती आत्याआजी म्हणते. तिला ऑगस्टची सुट्टी होती आणि सुट्टीत एक निबंध लिहायचा होता.

"आत्याआजी, तू हिस्ट्री टीचर होती ना? मग मला हेल्प कर."

विषय होता, सतराव्या शतकातल्या यादवी युद्धाच्या आधीच इंग्लंडच्या राजाने लोकांचा पाठिंबा का गमावला? मला हसूच आलं. 'कारणे लिहा, गुण पाच.' हे तर मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. मी खुर्ची सरसावली आणि सांगायला लागले. एक, राजाने अकरा वर्षं पार्लमेंट बोलावलंच नाही. दोन, मनमानी कर बसवले. आरमारासाठी समुद्रकाठच्या लोकांकडून घ्यायचा कर, ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही त्यांच्याकडूनही घेतला. तीन, धर्मात ढवळाढवळ केली. चार, आपण फक्त देवाला जबाबदार आहोत असं तो मानायचा. पाच, स्कॉटलंडशी नसती लढाई ओढवून घेतली आणि तिच्या खर्चासाठी शेवटी पार्लमेंट बोलवावंच लागलं. तिकडे अकरा वर्षांचं तुंबलेलं पाणी एकदम फुटलं.

ईशाने सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं. मग म्हणाली, "थँक यू. बट हे सगळं त्याने काय केलं ते आहे. लोकांना कधी वाटलं की, धिस इज नॉट अवर किंग एनीमोर?"

"ते अभ्यासक्रमात नव्हतं," मी म्हणाले.

खरं सांगते, चौतीस वर्षांत मला एकाही मुलीने हे विचारलं नव्हतं. आणि मलाही सुचलं नव्हतं.

व्हाइटहॉल, गुरुवार

ईशानेच मला तिथे नेलं. स्टॅनमोरला गाडीत बसलं की न बदलता थेट वेस्टमिन्स्टर. रस्त्याच्या एका बाजूला घोडेस्वार शिपाई उभे असतात. त्यांच्याभोवती ही गर्दी! घोड्यांचे फोटो, घोड्यांबरोबर फोटो. समोरच्या बाजूला एक देखणी फिकट दगडी इमारत आहे आणि तिच्याकडे बघायला आम्ही दोघीच. या इमारतीच्या बाहेर ओटा बांधून राजाचं मस्तक उडवलं होतं. घोड्यांमागच्या इमारतीवरच्या घड्याळात दोनच्या आकड्यापाशी एक काळा डाग आहे, ती त्या घटनेची वेळ. ईशाने बोट करून दाखवला नसता तर मला तो घाण वाटला असता.

"त्याने त्या दिवशी दोन शर्ट घातले होते," ईशा म्हणाली. "थंडी होती. तो कुडकुडला तर लोकांना वाटेल तो घाबरला."

हे मला माहीत होतं, पण तिथे उभं राहून ऐकणं वेगळं. राजा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत आहे. बायकोवर जीव, मुलांवर जीव, चित्रांचा शौक, व्यसन नाही, देवभोळा. कामाचा कंटाळा नाही. फक्त त्याला विचारायची सवय नव्हती. कुऱ्हाड पडली तेव्हा जमलेल्या लोकांनी जयघोष केला नाही म्हणे, सगळी गर्दी एकदम कण्हली.

मग पाऊस आला आणि आम्ही एका दुकानात शिरून थंडगार सँडविच खाल्लं. जेवणाला थंड पाव खाणाऱ्या लोकांनी अर्ध्या जगावर राज्य कसं केलं, हे मला अजूनही कळलेलं नाही.

बर्मिंगहॅम

दादा स्टेशनवर घ्यायला आला होता. शहात्तरी ओलांडली तरी ताठ. हाडांचा डॉक्टर, इथल्या हॉस्पिटलांत सगळी उमर गेली, आता निवृत्त. "माले, उशीर झाला," म्हणाला. गाडी उशिरा आली त्यात माझा काय दोष? पण दादासमोर हा युक्तिवाद कोणी करत नाही. आमच्या घरातही कधी केला नाही.

दादा इथे आला तेव्हा मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. त्याने आपल्या गॅरेजमध्ये गणपती बसवला. त्यातून मंडळ उभं राहिलं. पहिल्या दिवसापासून अध्यक्ष दादाच. हॉलचं बुकिंग दादा करणार, मूर्ती आणायला व्हॅन दादा चालवणार, पार्किंगच्या पाट्या दादा लावणार, शेवटी केर कोणी काढला नाही तर तोही दादाच काढणार. त्याच्याइतकं कोणी राबत नाही, हे त्याचे विरोधकही कबूल करतील.

चार वर्षांपूर्वी आरतीच्या गर्दीत एका पोराचा धक्का लागून समई कलंडली. कोणाला काही झालं नाही. पण दादाने पुढच्या वर्षी गणपतीपुढे दोरी आणली. सिनेमा थिएटरात असते तशी, चकचकीत खांबांना अडकवलेली लाल मखमली दोरी. आत फक्त गुरुजी आणि दादा. बाकीच्यांनी दोरीच्या अलीकडून नमस्कार करायचा. त्याच वर्षी घरचे मोदकही बंद झाले. आधी प्रत्येक घरातून बायका ताट घेऊन यायच्या आणि मूर्तीच्या पायरीवर ठेवायच्या. एका मुलाला सुक्या मेव्याची ॲलर्जी निघाली आणि दादाने फर्मान काढलं, की यापुढे बंद पाकिटातले पेढे.

"लोकांना विचारलंस का?" मी जेवताना विचारलं.

"लोकांना विचारत बसलं तर गणपती दिवाळीत येईल," दादा म्हणाला आणि लसणाची चटणी टोस्टला फासायला लागला.

सभा? सात वर्षांत झाली नव्हती. सभेत नुसती भांडणं होतात, असं त्याचं मत. यंदा मात्र शाळेच्या ज्या हॉलमध्ये उत्सव होतो तिथले व्यवस्थापक बदलले होते. नव्या लोकांनी कळवलं की मंडळाची वार्षिक सभा झाल्याचा कागद आणि निवडून आलेल्या दोघांच्या सह्या आणा, तरच बुकिंग. उत्सव आठवड्यावर आला होता. म्हणून दादाने रविवारी सकाळी अकराला सभा लावली. "वीस मिनिटांत संपवतो," म्हणाला.

शुक्रवारी दुपारी वहिनी आणि मी मेथी निवडत बसलो होतो. वहिनी मितभाषी. भारतात बँकेत नोकरी करायच्या, ती सोडून दादामागे इथे आल्या. मेथीची काडी मोडत त्या शांतपणे म्हणाल्या, "मालूताई, रविवारी यांना काढणार आहेत."

"कोण काढणार आहे?"

"सगळेच. सभा ठरली तेव्हापासून फोन चाललेत. सगळ्यांना माहीत आहे, यांना सोडून."

"अहो, मग तुम्ही सांगत का नाही?"

"विचारलं तर सांगेन," वहिनी म्हणाल्या.

मी मेथी निवडत राहिले. दादाचं मंडळ गेलं तर त्याच्याकडे उरतं काय, हा विचार मनातून जाईना. हॉस्पिटल सुटलं, मुलगी लांब, नात इंग्रजीत बोलते. वर्षाचे बारा महिने तो या दहा दिवसांसाठी जगतो. हे त्याला नीट सांगायला हवं होतं, आणि घरात त्याच्याशी बोलू शकेल अशी वहिनी सोडून मीच होते.

वॉरिकशायरमधलं एक खेडं, शनिवार

दादाने आपणहून मला फिरायला नेलं. गाडीत सांगायचं असं मी ठरवलं होतं. पण दादा वाटेत प्रत्येक गोलचौकाची माहिती देत होता. ते राहिलंच.

खेडं चित्रातल्यासारखं होतं, आणि माणूस एकही दिसेना. चर्चच्या दाराशी मी सवयीने चपला काढल्या आणि पायमोज्यांवर आत गेले. दगडी फरशी बर्फासारखी. आत एक म्हातारी बाई फुलदाण्यांतलं पाणी बदलत होती. तिने माझ्या पायांकडे बघून विचारलं, "बूट चावतो का, माय लव्ह?" देवळात आम्ही पादत्राणं घालत नाही म्हटल्यावर ती जरा वेळ स्वतःच्या चिखलाच्या बुटांकडे बघत राहिली. तिचं नाव जोन. चर्चची देखरेख करते आणि बोलायला कोणी मिळालं की सोडत नाही.

वेदीपुढे लाकडी कठडा होता. मी त्याच्याबद्दल विचारलं आणि जोनने पाणी खाली ठेवलं.

"हा नंतरचा," ती म्हणाली. "पहिला गावाने जाळला. तुम्ही उभ्या आहात ना, पूर्वी टेबल तिथे मध्ये असायचं. लोक भोवती जमायचे. मग राजाच्या धर्मगुरूंकडून हुकूम आला, की टेबल भिंतीला लावा आणि पुढे कठडा घाला."

"कशाला?"

"कारण चांगलंच होतं हो. लोक टेबलावर टोप्या ठेवायचे, कुत्री यायची आत. पण लोकांना वाटलं, काल आपलं होतं ते आज आपलं नाही. पुढे लढाईची गडबड सुरू झाली तेव्हा गावाने सगळ्यात आधी कठडा उपटला."

मी म्हणाले, "पण आम्ही शिकवायचो की लोक करांमुळे चिडले."

"कर तर सगळेच राजे घेतात," जोन म्हणाली. "आणि तो वर्षातून एकदा आठवतो. कठडा दर रविवारी दिसायचा."

ईशाच्या प्रश्नाचं उत्तर मला एका फुलं बदलणाऱ्या बाईने दिलं. मी दादाकडे पाहिलं. तो छताच्या तुळया निरखत होता.

"लोक मूर्ख असतात," दादा मराठीत म्हणाला. "टेबल चार पावलं सरकवलं म्हणून देव बदलतो का?"

हीच वेळ होती. दादा, तुझी दोरी, एवढे दोन शब्द पुरले असते. जिभेवर आलेही होते. पण लहानपणापासून दादाला चूक दाखवायची आम्हाला सवय नाही. बाबा गेल्यावर त्यानेच आम्हाला शिकवलं, वाढवलं. मी म्हणाले, "पाय गारठले. चहा घेऊया." चौतीस वर्षं राजांच्या चुका बिनधास्त सांगितलेली मी, भावासमोर गप्प बसले. मला अजूनही त्याची लाज वाटते.

चहाबरोबर स्कोन नावाचा एक जाडजूड केक मिळाला. त्यावर आधी जॅम की आधी साय, यावरून इथे दोन परगण्यांत कायमचं वैर आहे म्हणे. दादाने आधी जॅम लावला आणि तेच बरोबर असं मला सांगितलं.

पुन्हा बर्मिंगहॅम, रविवार

हॉल गार होता. वहिनींनी दादाला शर्टाच्या आत आणखी एक बनियन घालायला लावला होता. मला व्हाइटहॉल आठवलं. मनात म्हटलं, काहीतरी अभद्र सुचतंय तुला, गप्प बस.

चाळीसेक माणसं आली. मी पाहुणी, म्हणून कडेला बसले. दादाने अहवाल वाचला. तो चांगला होता, मुद्देसूद, नेमका अकरा मिनिटांचा. "काही प्रश्न?" असं विचारून त्याने कागद घडी घालायला सुरुवातही केली.

प्राजक्ता नावाची मुलगी उठली. मुलगी म्हणजे चाळिशीची, इथेच जन्मलेली, रेल्वेत सिग्नलची इंजिनिअर. दादाच्या गॅरेजमधल्या गणपतीपुढे नाचलेली ही पहिली पोर, असं वहिनींनी मला आधीच कानात सांगितलं होतं.

"काका, मला फक्त एक विचारायचं आहे. माझी मुलगी मला विचारते, बाप्पा दोरीच्या मागे का आहे? मी तिला काय सांगू?"

"हेल्थ अँड सेफ्टी," दादा म्हणाला.

"ते मला कळतं, काका. पण तुम्ही आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही समई वर ठेवली असती. आम्ही सगळे मिळून काहीतरी केलं असतं."

मग कोणीतरी मोदकांचं काढलं. कोणी आरतीच्या वेळेचं, कोणी नाटक रद्द केल्याचं. एका गृहस्थांनी तर सहा वर्षांपूर्वीच्या पार्किंगचा विषय काढला. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, तसं ते सात वर्षांचं सगळं एकामागून एक उजाडत गेलं. आवाज मात्र कोणाचा चढला नाही. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'काका, राग मानू नका' अशीच होत होती.

चिडला तो दादा. आणि त्याने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "मीच अध्यक्ष राहावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

तीन हात वर झाले. दोन त्याच्या जुन्या डॉक्टर मित्रांचे आणि एक गुरुजींचा.

दादाची नजर सगळ्यांवरून फिरत वहिनींवर आली. वहिनी मान खाली घालून पर्समध्ये चष्मा शोधत होत्या. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

"विरोधात?" दादाने विचारलं.

एकही हात वर झाला नाही. प्राजक्ता म्हणाली, "काका, तुमच्या विरोधात इथे कोणीच नाहीये." ती रडत होती. आणखीही दोघीतिघी डोळे पुसत होत्या. दादाने कागदाची उरलेली घडी घातली, खिशातून स्टोअररूमच्या किल्ल्या काढल्या आणि तिच्या हातात दिल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

घरी जाताना वाटेत तेच गोलचौक आले आणि गेले. दादाने एकाचीही माहिती दिली नाही.

दुपारी मी बागेत जाऊन ईशाला फोन केला. "सहावा मुद्दा लिहून घे," म्हटलं, आणि तिला जोनचा कठडा सांगितला. ती खूश झाली. "हे कुठल्या बुकमध्ये आहे?" तिने विचारलं. पुस्तकात नाही, म्हणाले. तिच्या आजोबांचं मी तिला काही सांगितलं नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी

दादा दोन दिवस वरच्या खोलीतच होता. जेवायला खाली यायचा, "मीठ कमी आहे" एवढं म्हणायचा आणि जायचा. मीठ बरोबर होतं. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. काढणारे चुकले असं मी म्हणू शकत नव्हते, आणि दादा चुकला असंही मला म्हणवत नव्हतं.

मंडळाच्या ग्रुपवर प्राजक्ताचा मेसेज आला होता. ज्यांना जमेल त्यांनी मोदक आणा, फक्त काय काय घातलंय त्याची चिठ्ठी ताटाला लावा. ॲलर्जीचा प्रश्न चार ओळींत मिटला होता. वहिनी बाजारातून पाच नारळ घेऊन आल्या. चार वर्षांनी त्यांच्या ओट्यावर तांदळाची पिठी निघाली. मी वेलदोडे सोलत बसले.

दादा दारात येऊन उभा राहिला. ओट्यावरचे नारळ पाहून म्हणाला, "किती करणार आहात?"

"एकवीस घरचे आणि एक्कावन्न हॉलचे," वहिनी म्हणाल्या.

"मी काही करू का?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, आपण बरोबर ऐकलं ना, अशा नजरेने. मग म्हणाल्या, "नारळ खवा."

दादाने शर्टाच्या बाह्या दुमडल्या. एक ड्रॉवर उघडला, त्यात चमचे होते. दुसरा उघडला, त्यात फडकी. खालच्या कपाटात वाकून पाहिलं, वरच्या फळीवर हात फिरवला. तीस वर्षांहून जास्त काळ ज्या घरात राहतोय, त्या स्वयंपाकघराच्या मधोमध तो नारळ हातात घेऊन उभा राहिला.

"खवणी कुठे असते?" त्याने विचारलं. आणि मग, खाली बघत, "तू हात का नाही वर केलास?"

वहिनींनी गॅस बंद केला. पदराला हात पुसले आणि टेबलाजवळची खुर्ची ओढली.

"बसा," त्या म्हणाल्या. "सांगते."